फोस्टर केअरमधल्या मुलीच्या बाजूने बेळगावात कोण उभं राहतं?

तुम्ही विचारलंय: निपाणीत बालकल्याण समितीच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात, म्हणजे फोस्टर केअरमध्ये राहणारी तुमच्या लेकीची वर्गमैत्रीण लवकरच 18 ची होणार. घरातले आतापासूनच "पुढचं तुझं तू बघ" म्हणू लागलेत. अशा पोरांच्या हक्कांसाठी भांडणारं इथे कोणी असतं का?

असतं, पण एका जागी सापडत नाही. मी खानापूर भागात विधी सेवा प्राधिकरणाचा पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. वकील नव्हे, माणसाला योग्य टेबलापर्यंत नेऊन सोडणारा.

पहिलं टेबल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचं. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई हवीच. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 प्रमाणे फोस्टर घराची पाहणी समितीने दर महिन्याला करायची असते. दर महिन्याला कोणी निपाणीपर्यंत येतं का, हे तुम्हीही जाणता नि मीही. म्हणून शेवटच्या पाहणीचा अहवाल मुलीच्या नावाने लेखी मागा. तो मागितला की फाइल हलते, हा माझा अनुभव. पैशाचं टेबल वेगळं: जिल्हा बालसंरक्षण घटक. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली अशा मुलामागे महिना 4000 रुपये धरलेले आहेत. ते तिच्यावर खर्च होतात की घरात जिरतात, हे विचारायचा हक्क तिला आहे.

खरी गोम 18 व्या वर्षाला आहे, आणि इथे भले भले कार्यकर्तेही गाफील राहतात. 18 नंतर 21 पर्यंत, आणि अपवाद म्हणून 23 पर्यंत, मदतीची तरतूद आहे. पण कायद्यातली व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपुरती आहे. म्हणजे बालमंदिरात (इथे सरकारी बालगृहाला तसं म्हणतात) वाढलेला मुलगा सरळ बसतो आणि कुटुंबात वाढलेली मुलगी दाराबाहेर राहू शकते. हा अन्यायच आहे, कारण संस्थेपेक्षा कुटुंब बरं म्हणून तर तिला तिथे पाठवलं होतं! ती आधी काही काळ बालमंदिरात होती का, हे विचारा. असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा आणि मदतीच्या अर्जाला जोडा. नसली तरी अर्ज 18 पूर्ण व्हायच्या आत पडू दे. नंतर "आता ती मूल नाही" हे उत्तर तयारच असतं.

समितीने नाही म्हटलं तर घाबरू नका. फोस्टर केअर किंवा 18 नंतरच्या मदतीबद्दलच्या निर्णयावर अपील कोर्टात नाही, डीसींकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, 30 दिवसांत. बाल न्याय कायद्याचं कलम 101. हे कित्येक वकिलांनाही मी दाखवलंय. वकिलाची फी लागणार नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्री आणि मूल दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळे 18 ओलांडल्यावरही तिचा हक्क शाबूत राहतो. 15100 वर फोन केला तरी सुरुवात होते.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. आदेश कानडीत येतो, मुलगी मराठी शाळेतली. एका मुलाला मी पाहिलंय. सुनावणीत त्याने सगळं मराठीत सांगितलं, सदस्यांनीही मान डोलावली, पण त्याच्या हातात पडलेल्या कागदात काय लिहिलंय हे त्याला बसस्टँडवर एका कंडक्टरने वाचून दाखवलं. त्यात पुढची तारीख होती. तेव्हा आदेश तिला समजेल अशा भाषेत तिथेच समजावून द्या, असा आग्रह धरा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांनी बालसंरक्षण घटकाला दुभाष्यांची यादी ठेवायला लावलीच आहे, त्यातला एखादा बोलवायला सांगा.

कोल्हापूरचे पेपर वाचून लोक अनाथांच्या 1 टक्का आरक्षणाचं विचारतात. ते महाराष्ट्र सरकारचं, 2018 चं. इथल्या अर्जात त्याचा उल्लेखही करू नका, साहेब वैतागतात.

वरची दारं बंद झाली तर बेंगळुरात राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. पत्र कानडीत असलं की उत्तर लवकर येतं, कटू आहे पण खरं आहे. आणि वाढदिवसाला वह्या वाटून मुलांबरोबरचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणारे पुढारी मदतीला आले तर त्यांना दूरच ठेवा. अशा मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सगळ्यात आधी मात्र त्या पोरीशी निवांत बोला, घरच्यांसमोर नको. तिला त्याच घरात राहायचंय, हॉस्टेल हवंय की कोल्हापूरला शिकायला जायचंय? शेवटचं असेल तर आताच अर्जात लिहा. दोन राज्यांची खाती एकमेकांना पत्रं लिहायला लागली की कॉलेजचे प्रवेश संपून जातात.