नवीन पिल्लासाठी पेट इन्शुरन्स घेताना नक्की काय बघायचं?

हप्ता किती ते सगळ्यात शेवटी बघा. आधी काय कव्हर होत नाही ते वाचा, खरी गोम तिथेच असते. पिल्लू लहान असतानाच पॉलिसी घेतलेली बरी, कारण आधीपासूनचा आजार बहुतेक कंपन्या कव्हर करत नाहीत आणि एकदा व्हेटच्या कागदावर खाज, लंगडणं असं काही लिहिलं गेलं की क्लेमच्या वेळी नेमकं तेच काढून दाखवतात. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर हिप डिस्प्लेजिया (मागच्या पायाचा खुब्याचा सांधा नीट न बसणं), पग असेल तर श्वासाचा त्रास, असले जातीनुसार येणारे आजार धरलेत का ते लेखी विचारा, फोनवरचं ‘हो हो सगळं आहे’ काही कामाचं नाही. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम करता येत नाही तो सुरुवातीचा काळ, अपघाताला कमी असतो, आजाराला जास्त, सांध्यांच्या दुखण्याला तर काही ठिकाणी महिनोन्महिने. लिमिट, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम, दरवर्षी नव्याने मिळतं की एका आजाराला एकदाच, हेही बघा, स्किन अ‍ॅलर्जीसारखं कायमचं काही मागे लागलं तर दुसऱ्या प्रकारात पैसे लवकर संपतात आणि पुढचं सगळं तुमच्या खिशातून. लसी, नसबंदी साध्या पॉलिसीत सहसा नसतात. पण लस चुकवली आणि पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला तर क्लेम नाकारू शकतात, म्हणून लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा.