हवीज कानडी की मराठी?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: "सून गोकाककडची, कानडी घरातली. धन्यांना ती 'हवीज' म्हणते. शब्द कानडीच ना? मराठी बोलताना वापरला तर चूक का? आणि परड्यात आपण पेरतो ते धने की कोथिंबीर?"

ताई, 'चूक का' हे आता ऐकवत नाही. शब्द कानावर पडला की आधी त्याची जात विचारायची, ही आपल्या सीमाभागाची जुनी खोड. कुणी 'कोथंबरी' म्हटलं की लगेच, "कोथिंबीर म्हण, कानडी हेल नको!" अहो, कन्नडची कोत्तंबरी आणि आपली कोथिंबीर, दोघींचं माहेर एकच: संस्कृत कुस्तुम्बुरु. त्यातल्या 'स्'साठी पाणिनीनं 'कुस्तुम्बुरूणि जातिः' असं स्वतंत्र सूत्र खर्ची घातलंय. वनस्पतीचं नाव असेल तरच तो 'स्' येतो. नुसती वाईट तुंबुरू फळं म्हणायची असतील, तर कुतुम्बुरु. एवढ्या जुन्या घराण्यातल्या शब्दाला हेलावरून कसलं हिणवता?

धने धान्यकापासून आले, त्यात काही गंमत नाही. गंमत आहे ती हवीजमध्ये.

हवीज म्हणजे हविस्, यज्ञातली आहुती, असं छातीठोकपणे सांगणारे विद्वान मला दरवर्षी भेटतात. मुळीच पटत नाही. आहुतीत तूप, तीळ, जव, तांदूळ असतात. धने कोण टाकतं? आणि शब्द संस्कृतातून थेट आला असता, तर म्हैसूरकडेही रुळला असता. तिकडे आपलं कोत्तंबरी सोप्पु म्हणजे पाला आणि कोत्तंबरी बीज म्हणजे धने. हवीज आहे तो उत्तर कर्नाटकात, जिथे आदिलशाही नांदली, तिथे.

तेव्हा अरबीकडे बघा. हाजा म्हणजे गरज, अनेकवचन हवाइज. उर्दूतली हाजत ह्याच कुळातली. गरजेच्या वस्तू, त्यातून स्वयंपाकाला लागणारं सामान, त्यातून मसाला. येमेनमध्ये मसाल्याच्या मिश्रणाला आजही हवाइज म्हणतात. आणि इराणात? फारसीत हवीज म्हणजे चक्क गाजर! कोथिंबीर आणि गाजर एकाच कुळातली. दोन्हींची फुलं सारखीच, उघडलेल्या छत्रीसारखी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी परड्यात जाऊन दोन्हींचे तुरे शेजारी धरून पाहिले होते. अर्थात शब्दानं वनस्पतिशास्त्र पाहिलं नाही, मुदपाकखाना पाहिला. तिकडे 'सामाना'तलं गाजर त्याच्या वाट्याला आलं, इकडे धने.

तो बेळगावात कसा पोचला, ह्याबद्दल माझा कयास असा. आपल्या किल्ल्यातली सफा मशीद ज्याच्या नावावर आहे, तो असदखान लारी. लारी म्हणजे इराणातल्या लारचा. १५४९ मध्ये तो वारला; तोवर बेळगाव त्याच्या हातात होतं. अशा सरदारांच्या स्वयंपाकघरातून शब्द बाजारात उतरला आणि वाण्याच्या तागडीत धन्यांपुरता उरला. कुणाला हा कयास हलका वाटला तर वाटो. हविस्‌पेक्षा तो शतपट जड आहे.

म्हणजे ताई, सुनेचा शब्द ना कानडी मातीतला, ना मराठी. पण तिच्या बोलीनं पाल्याला आणि दाण्याला वेगळी नावं ठेवली, अगदी आपल्यासारखी. त्या अर्थी ती म्हैसूरपेक्षा तुमच्या जवळची.

पेरण्याचं राहिलंच. पाल्यासाठी पेरलं, चाळीसेक दिवसांत उपटून जुड्या बांधल्या, तर कोथिंबीर पेरली म्हणा. तीनेक महिने राखून दाणे झोडायचे असतील, तर धने पेरले. आणि पेरता ते खरं तर बी नव्हे, फळ. आत दोन बिया. म्हणून तर माझी आई फरशीवर धने पसरून उलट्या वहाणेनं रगडायची. कट् कट् आवाज येई, प्रत्येक दाण्याची दोन दळं होत, टरफलाचा भुसा फुंकरीनं उडे. "अख्खं पेरलंस तर वाट बघत बस," म्हणायची. सूनबाईंना विचारा, गोकाककडेही हवीज असाच रगडत असतील.