प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : ताण पडला की शैवाल विषारी होतं का?

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयसोक्रायसिस हे समुद्री सूक्ष्म शैवाल एफ/२ माध्यमात (समुद्री शैवालासाठीचं पोषक द्रावण) वाढवतो. फेब्रुवारीपर्यंत कल्चर छान सोनेरी-तपकिरी होतं, एप्रिल लागला आणि फ्लास्क पांढुरके पडले. ताण पडला की शैवाल जास्त विष तयार करतं, असंही वाचलं. मग हे फ्लास्क हाताळणं धोक्याचं आहे का?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, धंतोली, नागपूर

उत्तर : धोका नाही. आयसोक्रायसिस विष बनवतच नाही; हॅचरीत कालवांच्या पिल्लांना हेच खाऊ घालतात. ताणाने विष कमी-जास्त होतं ते मुळात विषारी असलेल्या जातींमध्ये.

तिथेही 'ताण' हा शब्द फार ढोबळ आहे. नेमकं काय कमी पडलं, ते विचारायचं. अलेक्झांड्रियम या विषारी सूक्ष्म शैवालाच्या सॅक्सिटॉक्सिन या विषाच्या एका रेणूत नायट्रोजनचे 7 अणू असतात. फॉस्फेट संपलं पण नायट्रेट शिल्लक असलं, की विभाजन मंदावतं, विष बनणं मात्र चालू राहतं आणि दर पेशीतलं विष वाढतं. नायट्रेटच संपलं तर उलट घटतं. स्यूडो-निट्झशिया या डायटमचं (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल) डोमोइक आम्ल हे विष सिलिकेट किंवा फॉस्फेट तुटलं की वाढतं. म्हणून 'पेशीमागे विष' आणि 'लिटरमागे विष' हे आकडे वेगळे ठेवा. थंडीत विभाजन मंदावल्यामुळे पहिला चढतो, पण पेशीच कमी असल्या तर दुसरा चढेलच असं नाही.

आता तुमचे फ्लास्क. पहिला संशय उष्णतेवर. या जातीला 20 ते 25 अंश मानवतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये नुसत्या कूलरवर ते जमत नाही, त्यात ट्यूबलाइटची उष्णता वेगळी. खोलीचं तापमान पाहू नका. शेल्फवर साध्या पाण्याचा फ्लास्क ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा. एसीची खोली मिळत नसेल तर उन्हाळ्यापुरतं ड्युनालिएला हे दुसरं सूक्ष्म शैवाल घ्या, ते उष्णता बरीच सोसतं.

दुसरा संशय क्षारतेवर. कोरड्या हवेत पाणी उडतं, मीठ मागे राहतं. 250 मिलीतलं 25 मिली उडालं की लिटरला 30 ग्रॅमची क्षारता 33च्या वर जाते. फ्लास्कवर पातळीची खूण करा आणि घट निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा, खाऱ्या पाण्याने नव्हे. (माध्यमासाठी घरचं आयोडीनचं मीठ नको, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट पुरेसं नसतं.)

ऑटोक्लेव्हनंतर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) तळाशी पांढरा साका दिसतो का? फॉस्फेट खाऱ्या पाण्यातच तापवलं की असं होतं. ते वेगळं निर्जंतुक करा आणि गार झाल्यावर मिसळा. जीवनसत्त्वं 0.2 मायक्रॉन फिल्टरमधून, सगळ्यात शेवटी. सिलिकेट डायटमला लागतं, तुम्ही वगळा.

ताणच अभ्यासायचा असेल तर याच निरुपद्रवी जातीवर करा. एका संचात सोडियम नायट्रेट नेहमीचं, लिटरला 75 मिलिग्रॅम; दुसऱ्यात 7.5, प्रत्येकी तीन फ्लास्क. रोज ठरलेल्या वेळी ल्यूगोल (आयोडीनचं द्रावण) घालून न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायची चौकटींची काच) पेशी मोजा, कारण पेशींचं विभाजन दिवस-रात्रीच्या तालावर चालतं. दोन दिवसांत मिलीमागे 50,000च्या 2,00,000 झाल्या, तर वाढीचा दर दिवसाला 0.69, म्हणजे रोज दुप्पट. दुसरा संच काही दिवसांत फिका पडेल, कारण नायट्रोजनअभावी हरितद्रव्य घटतं. विषारी जाती मागवण्याच्या भानगडीत कॉलेजच्या प्रयोगशाळेने पडू नये.

प्रश्न : बर्फातून येणारे शिंपले खूप उकळले तर शैवालातून त्यांच्यात आलेलं असलं विष जातं का?
– गृहिणी, सदर, नागपूर

उत्तर : नाही, ताई. सॅक्सिटॉक्सिन आणि डोमोइक आम्ल दोन्ही उकळून वा गोठवून नष्ट होत नाहीत; थोडं रश्श्यात उतरतं, इतकंच. वासा-चवीवरूनही कळत नाही. 1987 साली कॅनडात डोमोइक आम्लाने माणसं दगावली, ती शिजवलेले शिंपले खाऊनच. अनेक देशांत सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 800 मायक्रोग्रॅम आहे. तपासणी झालेला माल आहे का, ते विक्रेत्याला विचारा. खाल्ल्यावर ओठ-जिभेला मुंग्या आल्या तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. यावर उतारा नाही, पण श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचतो.