रस्त्याखालचा पाइप कुणाचा?

प्रश्न : मिस्त्रीकाका, आमचं घर भवानी पेठेतल्या जुन्या बोळात आहे. पाण्याच्या पाळीच्या दिवशी नळाला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं काळपट, घाण वासाचं पाणी येतं, मग स्वच्छ होतं. शेजारच्या दोन्ही घरांत असं काही नाही. त्यात दारापुढचं ड्रेनेजचं चेंबरही अधूनमधून तुंबतंय. दीर म्हणतात, पाइप रस्त्याखाली, रस्ता महापालिकेचा, पाणीपट्टी आपण भरतो, मग दुरुस्ती त्यांनीच करायची. शेजारचे म्हणतात, खर्च तुमचाच. कुणाचं खरं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, खर्चाच्या बाबतीत शेजारचे बरोबर आहेत. रस्त्यातून जाणारी मोठी लाइन महापालिकेची. त्या लाइनीला भोक पाडून पितळी फेरूल, म्हणजे घराचा पाइप जोडायचा तुकडा, बसवतात, तिथून तुमच्या नळापर्यंतचा अर्ध्या इंचाचा पाइप तुमच्या कनेक्शनचा. रस्त्याखालून गेला म्हणून तो त्यांचा होत नाही. ड्रेनेजचंही तेच. घरातून निघून रस्त्यातल्या चेंबरला मिळेपर्यंतची नळी घरमालकाची, पुढची त्यांची.

दिरांचं एवढंच खरं की रस्ता तुमचा नाही. म्हणून तर आपल्या मनानं टिकाव घालता येत नाही. झोन कार्यालयात अर्ज, खोदाईचं शुल्क, परवानाधारक प्लंबर, हे सगळं ओघानं आलं. फेरूलला तर बिनपरवाना हातच लावायचा नाही.

आता बिघाडाकडं येऊ. मोठ्या लाइनीत घाण शिरली असती तर अख्खा बोळ ओरडत आला असता. एकट्या तुमच्याकडं वास येतोय, म्हणजे बहुतेक तुमच्याच पाइपला कुठंतरी भोक आहे. पाणी चालू असताना आतला दाब ते बाहेर ढकलतो, तोवर घाणीला आत वाट नसते. चावीवाल्यानं व्हॉल्व्ह बंद केला की पाइप रिकामा होतो, आणि पुढची पाळी येईपर्यंत गटारीचं पाणी त्यात झिरपत बसतं. पाळीला तेच आधी तुमच्या बादलीत पडतं. आपल्याकडं रोज पाणी येत नाही, त्यामुळं झिरपायला वेळही भरपूर मिळतो.

जुन्या पेठांत मला हे भोक कुठं सापडतं सांगू? गटार ओलांडताना. पूर्वी खोदाई वाचवायला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप सरळ गटारीतूनच नेलेला असायचा. वरून धडधाकट दिसतो, पण खालून बोट फिरवलं की गंजाचे पापुद्रे हातात येतात. कापून बघावा तर आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. तेव्हा आधी गटारीवरची फरशी उचला, रस्ता नंतर.

आणि नळाला थेट मोटर जोडली असेल तर ती आजच काढा. मोटर पाण्याबरोबर भोकातली घाणही ओढते. शेजारचे मोटर लावतात म्हणून आपणही, हे कारण मी रोज ऐकतो आणि मला ते पटत नाही. दुरुस्ती होईपर्यंत पहिलं पाणी हौदात जाऊ देऊ नका, हौद रिकामा करून घासून घ्या. पिण्याचं पाणी, मागून स्वच्छ आलेलंसुद्धा, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी तसंच राहू द्या. कावीळ, विषमज्वर असल्याच पाण्यातून येतात.

चेंबरची परीक्षा सोपी आहे. तुंबलं की लगेच रस्त्यातल्या चेंबरचं झाकण महापालिकेच्या माणसाकडून उघडून घ्या. तुमचं भरलेलं आणि रस्त्यातलं वाहतं असेल, तर अडथळा तुमच्या नळीत आहे. दोन्ही भरलेली असतील तर लाइन त्यांची तुंबलीय, तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर घ्या. काही झालं तरी कुणाला पैसे देऊन आत उतरवू नका. विषारी वायूनं माणसं मरतात, आणि हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तुमची नळी लांब लवचिक पट्टी आत सारून साफ होते, त्यांच्या लाइनीसाठी जोरानं पाणी मारणारी जेटिंगची गाडी असते.

दोन्ही कामं एकाच खोदाईत उरकता आली तर शुल्क एकदाच भरावं लागेल. जीआयऐवजी एचडीपीई, म्हणजे चिवट प्लास्टिकचा पाइप टाका, पाण्याचा पाइप ड्रेनेजच्या वरून न्या, आणि गटार ओलांडताना तो मोठ्या पाइपात घालून, गटारीच्या पाण्याला लागणार नाही असा काढा. ड्रेनेजची नळी चार इंची असेल तर 40 फुटांना एक फूट उतार हवा. काळ्या मातीत मुरूम घालून बसवा, नाहीतर उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि जोड निखळतात. बुजवण्याआधी पाळीचं पाणी सोडून प्रत्येक जोडावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. तो ओला झाला, तर मिस्त्री कितीही घाईत असला तरी माती टाकू देऊ नका.