पारंपरिक कारागिरी व्हिडिओ बघून शिकता येते, की उस्तादाच्या हाताखाली बसावंच लागतं?

बसावं लागतं. व्हिडिओ उजळणीला उत्तम, पण तुमचा हात कुठे चुकतोय हे तो सांगत नाही.

पटाशीला, म्हणजे सुताराच्या लाकूड कोरायच्या छिन्नीला, धार लावायचंच घ्या. कोन साधारण 25 ते 30 अंशांचा ठेवा, हे कुठेही वाचायला मिळतं. पण दगडावर पातं घासताना मनगट जरासं डोललं तरी कड गोल होते आणि नवशिक्याला ते दिसतही नाही. उस्ताद पाठमोरा असला तरी घासण्याच्या आवाजावरून ओळखतो. मग येऊन तुमच्या बोटांवर बोटं ठेवतो आणि दाब किती हवा ते दाखवतो. शब्दांत सांगा म्हटलं तर तोच अडखळेल!

जपानमधलं इसे मंदिर दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात. मागच्या खेपेला ते 2013 मध्ये झालं. म्हणजे एखादा सुतार विशीत हाताखाली, चाळिशीत स्वतः आणि साठीत शिकवायला, असा तीनदा त्याच कामावर उभा राहू शकतो. शिकवणं कामातच मुरलेलं आहे.

अडचण पैशांची असते. शिकण्याच्या काळात हातात काही पडत नाही म्हणून पोरं सोडून जातात, आणि शिकवण्यात उस्तादाचाही कामाचा वेळ जातो. त्यामुळे जाण्याआधी मोबदल्याचं स्पष्ट बोलून घ्या. वर्षभर नुसती झाडलोट करून घेणारेही असतात, तिथे रमू नका. आणि बिघडलेले नग फेकू नका. उस्तादापुढे ठेवून नेमकं कुठे बिनसलं ते विचारा.