ड्रायर तापतो, पण कपडे दमटच निघतात. दोष यंत्राचा की पाइपाचा?

तुम्ही लिहिलंय की यंत्र चांगलं तापतं, तरी दोन फेऱ्यांनंतरही टॉवेल ओलसर राहतात. म्हणजे हीटर ठीक आहे, बाष्पाला बाहेर जायला वाट नाही. मी आधी ते बाहेर नेणारा पाइपच तपासेन.

ड्रायर चालू ठेवून बाहेरच्या तोंडाशी हात धरा. झडप पूर्ण उघडून जोरात हवा यायला हवी. ती नुसती थरथरत असेल, तर आत अडथळा आहे. तोंडावर जाळी असेल तर काढा, तिच्यावरच लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू) साचून थर होतो.

लिंट फिल्टर नळाखाली धरा. पाणी वर साचलं, तर सॉफ्टनर शीटचा (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकतात तो कागद) मेणचट थर बसलाय. मऊ ब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासा, वाळवून बसवा.

आता प्लग काढा, गॅसवरचा ड्रायर असेल तर कॉकही बंद करा, आणि यंत्र पुढे ओढा. खरी गडबड बरेचदा इथेच असते: यंत्र भिंतीला सरकवताना मागची नळी चेपते. प्लॅस्टिकची नळी असेल तर आजच बदला, लिंट पेटलं तर तीही पेटते. धातूची, 4 इंच व्यासाची नळी घ्या आणि लागेल तेवढीच ठेवा. भिंतीतला पाइप गुळगुळीत, कडक धातूचा हवा. सांध्यांना फॉइल टेप लावा. स्क्रू नकोत, आत घुसलेल्या त्यांच्या टोकांना लिंट अडकतं.

पाइप झाडायला ड्रिलला लावायचा लांब दांड्यांचा ब्रश मिळतो. ड्रिल घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलटं फिरवलं की दांड्यांचे आटे सुटून ब्रश आतच राहतो.

सगळं साफ करूनही झोत मंदच असेल, तर लांबी मोजा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत सर्वसाधारण मर्यादा 35 फूट आहे आणि 90 अंशांच्या साध्या प्रत्येक वळणामागे 5 फूट वजा होतात. तीन वळणं असली की उरले 20. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा.

तरी शंका असेल, तर विजेवरचा ड्रायर नळी काढून थोडा वेळ चालवा. कपडे भरभर वाळले, तर दोष पाइपातच. गॅसच्या ड्रायरवर हे कधीच करू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात पसरेल.

यापुढे गरम होणंच थांबलं, तर थर्मल फ्यूज (यंत्र फार तापलं की वीज तोडणारा भाग) उडालेला असू शकतो. पाइप मोकळा न करता नवा फ्यूज टाकलात, तर तोही उडेल.