चिकाटी म्हणावी की हट्ट?

आपण करतो आहोत ती चिकाटी की नुसता हट्ट, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी पन्नाशीच्या आसपासची माणसे मला वरचेवर विचारतात. त्यांच्यापैकी एका बागायतदारांची हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील या गृहस्थांची पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात जवळजवळ आडवी झाली. त्यांनी हिमतीने रोठा या स्थानिक जातीच्या सुपारीची नवी रोपे लावली; परंतु पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि तोवर गावाचे तोंड काही बंद राहत नाही. ‘लावतोस खरा, पण खाणार कोण?’ असे शेजारी म्हणत, तर मुंबईचा धाकटा भाऊ जागा रिसॉर्टवाल्याला देऊन टाकावी म्हणून मागे लागला होता. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तेव्हा पत्नी त्यांना घेऊन आली.

जीव नकोसा वाटतो का, हे मी प्रथम स्पष्ट विचारले. (असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे, आणि तसे वाटत असल्यास १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) विनामूल्य क्रमांकावर कोणालाही बोलता येते.) तसे काही नव्हते; झोपेसाठी मात्र त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

पुढच्या भेटीला ते वाडीची वही घेऊन आले. शिंपण कधी झाले, शेणखत किती पडले, कोणत्या रोपाला झाप बांधला, हे सारे बारीक अक्षरात रोजच्या रोज टिपलेले होते. गणपतीत चाकरमानी गावी आले त्या आठवड्यापासून मात्र पाने कोरी होती. मी विचारले, “या दिवसांत रोपे मेली का?” ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “नाही ताई. रोपं बरी होती. मीच वाडीत गेलो नाही.”

माझ्या मते समाज चिकाटीला चिकाटी म्हणतो तो फळ हाती आल्यावर. तोपर्यंत तिला हट्टच म्हणतो. त्यात दरवेळी दुष्टावा असतोच असे नाही. ज्यांनी स्वतःच्या वाड्या विकल्या, त्यांना दुसऱ्याने विकली म्हणजे आपला निर्णय बरोबर ठरल्यासारखे वाटते, आणि हे त्यांचे त्यांनाही उमगलेले नसते. तरीही लोक बोलतात म्हणून आपले बरोबरच, असे मानणे हाही हट्टच. म्हणून कोणत्या गोष्टी घडल्या तर आपण थांबू, हे त्यांनी मन शांत असताना लिहून काढावे, असे मी सुचवले. त्यांनी लिहिले: कर्ज काढून मजुरी देण्याची पाळी आली तर, किंवा दोन उन्हाळे लागोपाठ विहीर आटली तर. ‘लोक हसले तर’ हे त्यांनी आधी लिहून मग स्वतःच खोडले होते.

मधल्या वर्षांच्या खर्चासाठी त्यांनी पोफळीत केळी लावल्या आहेत. कोवळ्या रोपांना सावलीही मिळते आणि हातात थोडा पैसाही येतो. झोप सुधारली आहे. भावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, कारण सातबाऱ्यावर दोघांची नावे आहेत आणि त्याची पैशाची गरजही खरी आहे. ते बोलणे करायला दोघे भाऊ मे महिन्यात एकत्र येणार आहेत.